मध्ये ओढा आहे

माझ्या धंद्यात सगळ्यात धोकादायक शब्द कोणता, असं कोणी विचारलं तर मी सांगते, ‘तेच’. ‘नाही’ हा शब्द बरा. ‘माहीत नाही’ तर फारच चांगला, त्यात माणूस निदान शोधायला तरी निघतो. पण ‘हे म्हणजे तेच’ असं एकदा कोणी संगणकाला सांगून टाकलं, की तो बिचारा डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि त्या विश्वासाची किंमत संगणकाला मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते डोंगरावर राहणाऱ्या एखाद्या बाईला.

बाई निवृत्त झाल्या आणि तत्त्वज्ञान सांगायला लागल्या, असं वाटू देऊ नका. मी नकाशांचं काम केलं. आमचं घराणं फार पूर्वी आदिलाबादला आलं. आजोबा निजामाच्या राज्यात महसुलात कारकून होते. ‘मौजे’, ‘हद्द’, ‘मुकाम’ हे शब्द आमच्या घरात भाकरी-भाजीसारखे रोजचे. मी भूगोल शिकले आणि नकाशे काढायला लागले. आधी शाईनं, मग संगणकावर, आणि शेवटची वर्षं एका अशा कामात घालवली की लग्नकार्यात लोक विचारायचे, “सुनंदाताई, तुमी ऑफिसात नेमकं करता तरी काय?” मी ‘नकाशांचं’ म्हटलं की ते खिशातून मोबाइल काढून त्यातला नकाशा दाखवायचे, “मंग हे काय हाय?”

तर आधी ते काम काय होतं हे सांगते. अवघड नाही.

आपल्या जिल्ह्यात एकाच जागेचे अनेक नकाशे आहेत. महसुलाचा वेगळा, जंगलाचा वेगळा, विजेचा, पाण्याचा, आरोग्याचा वेगळा. महसुलाला गाव म्हणजे मौजे. आरोग्यखात्याला गाव म्हणजे जिथं माणसं राहतात ती वस्ती. जंगलखात्याला ते गाव कधीकधी दिसतच नाही, तिथं नुसता हिरवा तुकडा. नावांची तर जत्राच. एकाच पाड्याला तेलुगूत एक नाव, मराठीत दुसरं, गोंडीत तिसरं, आणि जुन्या पहाणीत, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, उर्दू लिहिणाऱ्यानं ऐकून लिहिलेलं चौथं. हे सगळे नकाशे एकमेकांशी बोलावेत असा एक प्रकल्प आला. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही मराठी माणसं आपसात त्याला ‘ठावठिकाणा’ म्हणायचो.

सगळ्यांची माहिती उचलून एका गोदामात टाकायची नव्हती. ज्याची माहिती त्याच्याकडेच राहील, फक्त तिला धागे बांधायचे. प्रत्येक जागेला एक कायमची ओळख द्यायची, वेबसाइटला पत्ता असतो तशी. नाव बदलो, तालुका बदलो, ओळख तीच. मग त्या ओळखीबद्दल लहान लहान वाक्यं लिहायची. हा पाडा त्या मौजात मोडतो. हा रस्ता त्या पाड्याला जातो. हा ओढा त्या रस्त्याला आडवा येतो. प्रत्येक वाक्याला ते कोण म्हणतंय त्याचं नाव जोडायचं, म्हणजे उद्या भांडण झालं तर कोणाशी भांडायचं ते कळतं. अशी वाक्यं पुरेशी झाली की यंत्र ती एकमेकांना जोडून न सांगितलेली गोष्टही सांगतं. ओढा रस्त्याला आडवा, ओढ्यावर पूल नाही, दुसरा रस्ता नाही, तर पावसाळ्यात हा पाडा तुटणार. जाणकार याला ‘सिमँटिक वेब’ म्हणतात. आमच्या इमारतीतले बाकीचे लोक आम्हाला ‘गप्पांचा कक्ष’ म्हणायचे, कारण या वाक्यांतल्या शब्दांचा एक कोश आम्ही करत होतो आणि आमचा अर्धा वेळ त्यांच्या अर्थावरून वाद घालण्यात जायचा.

एकदा पाटबंधाऱ्याचे अभियंता आणि रस्त्यांचे अभियंता एका रेघेवरून इतके भांडले की चहा गार झाला. एक म्हणे हा ओढा आहे, दुसरा म्हणे हा कच्चा रस्ता आहे. दोघांच्याही नकाशात तीच रेघ, त्याच वळणाची. शेवटी मी विचारलं, “उन्हाळ्यात लोक ओढ्याच्या पात्रातूनच बैलगाडी नेत असतील तर?”  दोघंही खरे होते, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत. तेव्हापासून आम्ही वाक्याला ऋतूही जोडायला लागलो. ‘रस्ता आहे’ असं नुसतं लिहायचं नाही. कधी आहे ते लिहायचं.

आणि एक व्यंकटराव होते, भाजीचे बागायतदार. आमच्या जिल्ह्याचे तुकडे होऊन चार जिल्हे झाले, मंडलांच्या, म्हणजे तालुक्यांच्या, हद्दी बदलल्या, तेव्हा ते वांग्यांची पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आले. “बाई, माहं गाव जाग्यावर ठेवा. ठिबकचं सामान मागवलं, ते भलत्याच मंडलात जाऊन पडलं.” मी म्हटलं, गाव जागेवरच आहे, पत्ता हलला. ते म्हणाले, “मंग त्या पत्त्याले खुंटीला बांधा!” मला आयुष्यात माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या कोणी सांगितली नाही. वांगी परत केली. घेतली असती तर बरं झालं असतं, फार सुंदर होती.

आता मुख्य गोष्ट.

प्रकल्प मोठा झाला, तसं त्याला ‘साफ’ करायला हैदराबादची एक कंपनी आली. आमच्या साठ्यात एकाच जागेच्या दुहेरी नोंदी होत्या हे खरंच. कंपनीनं एक प्रोग्रॅम लिहिला. नावं जुळली, मंडल जवळ असलं, की तो प्रोग्रॅम दोन नोंदींच्या मध्ये ‘तेच’ असा धागा बांधायचा. एकदा ‘तेच’ झालं, की एकाबद्दल जे जे खरं ते ते दुसऱ्यालाही लागू. काम झपाट्यानं व्हायला लागलं. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकताना पाहून सगळे खूश होते. खरं सांगायचं तर मीही कौतुकानं पाहत होते.

मग एका सोमवारी, उन्हाळ्याच्या शेवटी, सोमबाई आली.

सोमबाई टेकाम आशा कार्यकर्ती आहे. बाजारहत्नूरकडच्या डोंगरातले काही पाडे, तिकडे त्यांना गूडे म्हणतात, तिच्याकडे आहेत. त्या दिवशी तक्रारींच्या रांगेतून तिला या खिडकीतून त्या खिडकीत पाठवत शेवटी कोणीतरी जिना दाखवला होता. ती दारात उभी राहिली. घामानं कपाळाचं कुंकू पसरलेलं.

“नकाशावाल्या बाई तुमीच काय?”

“हो. बसा ना.”

“बसाले नाई आली मी. माह्या गूड्यात रस्ता कवा बांधला तुमी, ते सांगा.”

“कोणता रस्ता?”

“तेच तर इचारून राह्यली. कम्प्युटरमधी रस्ता हाय म्हनते. नळ हाय म्हनते. लाइट हाय म्हनते. मंग आमाले काऊन दिसत नाई?”

आमच्या कक्षात हसू फुटलं. सोमबाईनं वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. हसू थांबलं.

तिची गोष्ट अशी. पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यांतल्या दिवस भरत आलेल्या बायकांना पाऊस सुरू व्हायच्या आधीच गाडी पाठवून खाली दवाखान्याजवळ आणून ठेवतात. कोणत्या पाड्यांना गाडी पाठवायची हे आमचं यंत्र सांगायचं. तिच्या चिंतागूड्याला पाठवा, असं ते दर वर्षी सांगायचं. यंदा सांगितलं नाही. त्या पाड्यात लच्चूबाई नावाची कोलाम बाई होती, पहिलटकरीण. ओढ्याला पाणी आलं की मग ना गाडी जाणार, ना माणूस.

मी पडदा तिच्याकडे वळवला. चिंतागूडा शोधलं. एकच ठिपका आला. डांबरी रस्ता, नळ, वीज, हाकेच्या अंतरावर आरोग्य उपकेंद्र.

“हे खालचं चिंतागूडा व्हय,” सोमबाई म्हणाली. “सडकेवरचं. आमचं वर हाय, ओढ्याच्या पल्याड.”

“नाव एकच आहे ना दोघांचं, म्हणून...”

“नाव येकच म्हनून काय झालं? माह्या नंदेचं नाव बी सोमबाई हाय. तिचा नवरा माह्या घरी येते काय जेवाले?”

या वेळी मात्र ती स्वतःच हसली आणि बसली.

प्रोग्रॅमनं दोन चिंतागूड्यांच्या मध्ये ‘तेच’ बांधलं होतं. त्यामुळे वरच्या पाड्याला एका झटक्यात सडक मिळाली, नळ मिळाला, उपकेंद्र मिळालं. आमच्या पडद्यावर तो पाडा इतका सुखी होता की त्याला कोणाच्या मदतीची गरजच नव्हती. मी धागा तोडला. यंत्रानं पुन्हा हिशेब केला आणि वरचं चिंतागूडा तुटणाऱ्या पाड्यांत आलं. सोमबाईनं मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला आणि गेली. जाताना ‘धन्यवाद’ वगैरे काही नाही. म्हणाली, “येकदा येऊन पाह्यजा.”

मी गेले. त्याच आठवड्यात, सुट्टी टाकून. खालच्या चिंतागूड्यात गाडी सोडली आणि सोमबाईबरोबर वर चढले. ओढा कोरडा होता, नुसते गोटे. पण दोन्ही काठांवरच्या झाडांत गेल्या पुराचं वाळलेलं गवत अडकून बसलं होतं, माझ्या डोक्याच्याही वर. ते पाहून मी जरा वेळ तिथंच थांबले. इतकी वर्षं ती रेघ मी पडद्यावर निळ्या रंगात पाहिली होती. पाणी किती उंच येतं हे त्या निळ्या रंगात कुठंच नव्हतं.

परत आले तेव्हा दिलीप माझी वाट पाहत होता. दिलीप आमच्या कक्षातला संगणकाचा माणूस, बोथकडचा, माझ्याहून बराच लहान. मला ताई म्हणायचा. यंत्राला प्रश्न कसे विचारायचे ते मला त्यानं शिकवलं, आणि यंत्राला काय विचारायचं ते त्याला मी शिकवलं. आमच्या दोघांचं मिळून एक बरं डोकं होतं.

“ताई, त्यायनं पुन्हा जोडलं,” तो म्हणाला.

कंपनीचा प्रोग्रॅम ठरावीक वेळानं आपोआप चालायचा. मी तोडलेला धागा त्यानं निमूटपणे परत बांधला होता. मी पुन्हा तोडला. त्यानं पुन्हा बांधला. मग आम्ही दोघांनी बसून बाकीचे ‘तेच’ तपासायला घेतले. एक पाडा जागा सोडून दुसरीकडे गेलेला, त्याला जुन्या ओसाड जागेशी जोडलेलं. एका टेकडीला तिच्याच नावाच्या शाळेशी जोडलेलं. दिलीप म्हणाला, “ताई, हे तर टेकडीत पोरं भरती करून राह्यले.” हसलो, आणि यादी पुढं तपासायला घेतली.

मी प्रकल्पप्रमुखांकडे गेले. श्रीधर सर हैदराबादचे, हुशार आणि सभ्य. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत वरचा माणूस दुष्ट असावा अशी वाचकाची अपेक्षा असते. ते दुष्ट नव्हते. त्यांना उद्घाटनाची तारीख दिलेली होती आणि त्याआधी दुहेरी नोंदी संपवून दाखवायच्या होत्या. कंपनीचं काम बरोबर झालं असं प्रमाणपत्र द्यायचं होतं आणि त्यावर नकाशा कक्षाची, म्हणजे माझी, सही लागत होती.

“एक गूडे के वास्ते पूरा काम रोकते क्या मॅडम आप?”

“एक नाही सर. किती आहेत तेच आपल्याला माहीत नाही.”

“मशीन है. कभी-कभी गलती करती.”

“ठीक आहे. जेव्हा करेल तेव्हा कोणाच्या पाड्यात करेल, ते सांगा. मी त्यांना आधी जाऊन सांगून येते.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. “साइन कर दो मॅडम. बाद में ठीक कर लेंगे. रिटायरमेंट सामने है आपका.”

“म्हणूनच करत नाही,” मी म्हटलं. “आता काय काढून घेणार तुम्ही माझ्याकडून?”

हे वाक्य मी फार ताठ मानेनं बोलले. काढून घेण्यासारखं अजून बरंच होतं हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी, कक्षातल्या कोणाचीही सही चालेल म्हणून, दिलीपला बोलावलं. तो जिन्यात मला भेटला. खाली पाहत म्हणाला, “ताई, माहं तर कॉन्ट्रॅक्टवर हाय. पोरगी बासरच्या कॉलेजात शिकून राह्यली. मी काय करू, सांगा.”

“मी कशाला सांगू? तुला माहीत आहे तू काय करणार आहेस.”

हे मी बोलायला नको होतं असं आज वाटतं. तो वर गेला आणि सही केली. त्याचं घर त्या सहीवर चालत होतं, माझं चालत नव्हतं. शूरपणा काही सगळ्यांना एकाच भावात मिळत नाही.

पण मी गप्प बसणार नव्हते. आमच्या या विद्येत ‘तेच’ला एक उलटा शब्द आहे, ‘तेच नाही’. फारसं कोणी वापरत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगायची गरज कोणाला वाटत नाही. आणि यंत्राचा एक स्वभाव आहे. त्याला खोटं सांगितलं तर चालतं, त्याला ते कळतच नाही. पण एकाच गोष्टीबद्दल कोणी ‘हो’ आणि कोणी ‘नाही’ सांगितलं, की ते अडून बसतं. विसंगती मिटवा, मग विचारा, म्हणतं.

मी श्रीधर सरांकडे गेले आणि तोंडावर सांगितलं, “सर, मी दोन चिंतागूड्यांच्या मध्ये ‘तेच नाही’ लिहिणार आहे. माझ्या नावानं. आमच्या कक्षाला विधान लिहायचा अधिकार आहे. मग यंत्र उत्तर देणार नाही. त्याआधी तुम्ही तो धागा काढा.”

ते कामात होते. “देखते मॅडम, देखते,” म्हणाले.

त्यांनी पाहिलं नाही. मी लिहिलं.

उद्घाटनाच्या आधी एक प्रात्यक्षिक ठेवलं होतं. वरून एक मोठे साहेब आले. हार झाले, काजू झाले. कंपनीच्या माणसानं शेतं दाखवली, विहिरी दाखवल्या, जंगल दाखवलं. सगळं सुरेख चाललं होतं. मी मागच्या खुर्चीत बसले होते. साहेब म्हणाले, “बारिश आ रही है. कटने वाले गाँव दिखाइए.”

कंपनीच्या माणसानं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. मग यादीच्या जागी एक लाल चौकट आली. या दोन जागा एकच आहेत: म्हणणारा, कंपनीचा प्रोग्रॅम. या दोन जागा एकच नाहीत: म्हणणारी, सुनंदा, नकाशा कक्ष. उत्तर देता येत नाही.

 साहेबांनी चष्मा वर केला. “ये सुनंदा कौन है?”

मी उभी राहिले. पाय कापत होते, हे कबूल करते. “मी, सर.”

“छोटा टेक्निकल इश्यू है सर,” श्रीधर सर म्हणाले.

“छोटा नाही,” मी म्हटलं. “आणि टेक्निकलही नाही. ही दोन गावं आहेत.”

“आपको कैसे मालूम?”

“मध्ये ओढा आहे, सर.”

मी हे मराठीत बोलले. भीतीनं असेल, पण हिंदी सुचलीच नाही. साहेबांना मराठी येत होती की नाही कोण जाणे, पण ते म्हणाले, “देखा है आपने?”

“ओलांडलाय. कोरडा होता. पण काठावरच्या झाडांत पुराचं गवत अडकलंय, ते माझ्या डोक्याच्या वर आहे.”

साहेबांनी माझ्या उंचीकडे पाहिलं. मग कंपनीच्या माणसाकडे वळले. “तो इनका स्टेटमेंट हटा दो. जो हटाएगा, वो लिखके दे कि दोनों एक हैं. अपने नाम से.”

कंपनीचा माणूस श्रीधर सरांकडे पाहायला लागला. श्रीधर सर टेबलाकडे. दिलीप खिडकीबाहेर. प्रोग्रॅमच्या नावानं हजारो गावं एक करायला कोणाची हरकत नव्हती. स्वतःच्या नावानं दोन पाडे एक करायला त्या भरल्या खोलीत एकही माणूस पुढं आला नाही. मी उभीच होते. कोणी मला बसाही म्हणेना.

साहेब जेवायला गेले. त्याच दिवशी चिंतागूड्याचा धागा निघाला, आणि माणसानं तपासल्याशिवाय ‘तेच’ बांधायचं नाही असा नियम झाला. वरच्या चिंतागूड्याला गाडी गेली, ओढ्याला पाणी यायच्या आधी.

मला मात्र पत्र आलं. वरिष्ठांसमोर शिस्तभंग. खुलासा मागितला होता. मी खुलाशात लिहिलं, ‘मी जे केलं ते आधी सांगून केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.’ एका सहकाऱ्यानं सल्ला दिला होता, शेवटी ‘क्षमस्व’ घाला, प्रकरण मिटेल. नाही घातलं. उरलेली दोन महिन्यांची नोकरी स्टेशनरीच्या भांडारात काढली, टाचण्या आणि कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांत. ठावठिकाण्याचं उद्घाटन झालं तेव्हा मला बोलावलं नाही. ज्या शब्दांवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, ज्या कोशातला एकेक अर्थ मी झोपेतही सांगितला असता, तो दुसऱ्याच कोणाच्या नावानं पडद्यावर झळकला. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणारी मी संत नाही. आणि दिलीप. दिवाळीत त्याच्या बायकोकडून फराळाचा डबा येतो. तो येत नाही. मीही बोलावत नाही. चकल्या मात्र चांगल्या असतात.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. या विद्येतली मला आवडणारी गोष्ट ही, की ती कोणाच्या बापाची नाही. कोणीही, कोणत्याही जागेबद्दल, आपल्या वेबपानावर विधान मांडू शकतं. पटलं तर दुसरे त्याला धागा जोडतात. सरकारची परवानगी लागत नाही, हुद्दा लागत नाही. मी, सोमबाई आणि तिच्याबरोबरच्या काही आशा मिळून पाड्यांची अशी पानं लिहितो. कोणता पाडा स्वतःला काय म्हणवतो, पाणी कुठून आणतो, कोणत्या महिन्यात तुटतो. दवाखान्यातले लोक ती वापरतात. ‘हे अधिकृत नाही’ अशी पत्रंही अधूनमधून येतात. मी उत्तर देते, ‘बरोबर. हे फक्त खरं आहे.’

त्याच वर्षी पाऊस ओसरल्यावर, पानांचं काम नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा, सोमबाई मला वरच्या चिंतागूड्यात घेऊन गेली. मनात थोडी अपेक्षा होती, लपवत नाही. निदान एक कप चहा आणि चार बरे शब्द.

लच्चूबाई कुडाच्या घराबाहेर बसली होती. मांडीवर मुलगी, गुटगुटीत, डोक्यावर दाट जावळ. सोमबाईनं तिला मी कोण ते सांगितलं. लच्चूबाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ते गाडी तुमीच धाडली काय?”

“हो,” मी जरा हसूनच म्हटलं.

“मले काऊन नाई इचारलं?”

मी सोमबाईकडे पाहिलं.

“किती दिस बसून राह्यली मी तिथं खाली. कोनी वळखीचं नाई. पंखा घरघर करे, झोप येत नोयती. इथं माह्या बकऱ्या कोन पाहीन? तुमी आपले गाडी धाडून मोकळे.”

“पण बाळंतपण नीट झालं ना?”

“झालं. मी कुठं नाई म्हनते?” ती म्हणाली. “मी गेली बी असती. पर इचारलं असतं तं आपल्या पायानं गेली असती. बकऱ्यायची सोय लावून.”

सोमबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मला क्षणभर राग आला. या बाईसाठी मी काय काय सोसलं, असं मनात आलंच. मग पाहिलं, ती ज्या सुरात मला झापत होती, तोच सूर मी त्या खोलीत मोठ्या साहेबांना लावला होता. फरक एवढाच की तिचे पाय कापत नव्हते.

“पुढच्या वेळी आधी विचारू,” मी म्हटलं.

“तोंडानं नोका सांगू,” लच्चूबाई म्हणाली. “तुमच्या त्या कम्प्युटरमधी ल्हिवा.”

मी बाजेवर बसले आणि मोबाइल काढला. गाडी कोणत्या पाड्याला पाठवायची ते आमची वाक्यं सांगायची. ज्या बाईसाठी पाठवायची तिला विचारायचं, असं वाक्य आमच्या कोशात नव्हतं. अधिकृत कोशात तर नव्हतंच, आमच्यातही नव्हतं. नवा शब्द घडवावा लागला. लिहिलं, ‘पाठवण्याआधी विचारावं’. पाठवायला गेले तर रेंज नाही.

“इथं नेट येत नाई,” लच्चूबाई उठत म्हणाली. “टेकडीवर चढा लागते.”

तिनं मुलीला पदरानं पाठीशी बांधलं आणि पुढं निघाली. मागे सोमबाई, तिच्या मागे माझे साठीचे गुडघे. वाट कसली, नुसता चढ. मध्ये मी दोनदा बसले. लच्चूबाई दोन्ही वेळा थांबली, पण हात दिला नाही. माझी मी उठेपर्यंत उभी राहिली. माथ्यावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता. मोबाइलवर एक रेघ आली, गेली, पुन्हा आली.

“गेलं काय?” लच्चूबाईनं विचारलं.

“थांब,” मी म्हटलं आणि हात आणखी वर केला.